सड्यावरचा सरडा, आंबोलीचा भेक : सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर

पहिला दिवस : सातारा – ठोसेघर – चाळकेवाडी

साताऱ्याची पठारं म्हटलं की सप्टेंबरातली फुलं डोळ्यांपुढं येतात. पण आम्ही ज्याच्यासाठी निघालो होतो त्या सरड्याचा हंगाम पावसाच्या आधीचा, भर उन्हाचा. त्यामुळं मे संपायच्या आत चाळकेवाडी गाठणं भाग होतं. बरोबर माझी कॉलेजपासूनची मैत्रीण होती. ती प्राणिशास्त्र शिकवते, मी बँकेत आहे. पण सह्याद्रीतल्या प्रजाती घडल्या कशा आणि त्या वेगळ्या आहेत हे ठरवायचं कसं, या प्रश्नानं आम्हा दोघींना सारखंच धरून ठेवलंय. बेत असा : चाळकेवाडीला सरडा, कोयनेला रातबेडूक, आणि पावसानं मनावर घेतलं तर आंबोलीला भेक, म्हणजे टोड.

सज्जनगडाला खालूनच हात जोडले. ठोसेघरला धबधब्याच्या जागी कोरडा कडा होता. चारच्या सुमाराला सड्यावर पोचलो. समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटरवर पसरलेला जांभ्याचा सपाट माळ, मधूनमधून वाळकं गवत आणि जिकडं पाहावं तिकडं पवनचक्क्या. दगड अजून तापलेलेच होते, हात टेकवत नव्हता.

पहिला नर दिसायला फार वेळ लागला नाही. गुडघाभर उंचीच्या एका दगडावर चढून बसला होता. अंगाचा रंग मातीचा, पाठीवर नक्षी, लांब शेपूट. एवढ्यावरून कुणी वळून पाहिलं नसतं. मग त्यानं मान वर केली आणि गळ्याखालचा पंखा उघडला. आधी निळा, झळझळीत, मोराच्या मानेसारखा. त्याला लागून गडद काळा, आणि मागं शेंदरी. पंखा गळ्यापासून थेट छातीखाली पोचलेला. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. वीसेक पावलांवरच्या दुसऱ्या दगडावरून दुसऱ्या नरानं तसंच उत्तर दिलं. मधल्या गवतात एक मादी होती, मातकट, पंखा नसलेली. ती कुणाकडं पाहत होती ते मला कळलं नाही. पण हा सगळा खटाटोप निदान काही अंशी तिच्यासाठी होता.

मैत्रिणीनं फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून मागचा पाय दाखवला. चारच बोटं. पाचवं बोट या गटातल्या सरड्यांनी गमावलंय. १८२९ मध्ये कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं पाँडिचेरीच्या नावावरून अशा सरड्याचं ‘सिताना पाँटिसेरियाना’ असं नामकरण केलं, आणि पुढं भारतभर जिथं म्हणून गळ्याला पंखा असलेला, चार बोटांचा सरडा दिसला तिथं बहुतेकांनी हेच नाव लावलं. जेर्डन या प्राणिशास्त्रज्ञानं १८७० मध्ये दख्खनच्या रंगीत पंख्याच्या सरड्याला वेगळं नाव दिलं होतं, पण ते मागं पडलं. किनाऱ्यावरचा पांढुरक्या पंख्याचा आणि सड्यावरचा हा निळ्या-काळ्या-शेंदरी पंख्याचा, दोघं दीर्घकाळ एकाच नावाखाली राहिले.

२०१६ मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातल्या या सरड्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ठिकठिकाणचे नमुने, शरीराची मापं आणि डीएनए असं सगळं एकत्र ठेवल्यावर दिसलं की रंगीत, मोठ्या पंख्याचे सरडे ही एक वेगळीच फांदी आहे. तिला त्यांनी नवी जातकुळी (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) मानलं आणि तिचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘सरडा’, सरळ आपल्या मराठीतून. त्याच निबंधात पाच नव्या प्रजाती आल्या. त्यातली एक ‘सरडा डार्विनी’, आणि एक आमच्या समोर दगडावर बसलेली, ‘सरडा सुपर्बा’. तिचं मूळ वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून झालं ते ठिकाण म्हणजे हाच चाळकेवाडीचा सडा.

एखाद्या प्रजातीच्या अशा मूळ ठिकाणी उभं राहण्याला मी फार मानते. पुढं कधी शंका आली, दोन नावं एकच आहेत की वेगळी असा वाद झाला, तर संग्रहालयात जपलेल्या त्या एका नमुन्याकडं आणि तो जिथून आला त्या जागेकडं परत यावं लागतं. नाव कागदावर असतं खरं, पण त्याचं दुसरं टोक अशा एखाद्या माळाला बांधलेलं असतं.

दुसरा दिवस : चाळकेवाडी – सडावाघापूर – पाटण – कोयनानगर

सकाळी लवकर पुन्हा सड्यावर. ऊन चढेपर्यंत सरडे सुस्त असतात, तेवढ्यात आम्ही माळाच्या कडेपर्यंत चालत गेलो. खाली खोल दरी, तिच्यात झाडी, आणि पलीकडं तसाच दुसरा माथा, वरून चाकूनं कापल्यासारखा सपाट.

प्रजाती कशा घडतात हे पाहायला ही जागा नकाशापेक्षा बरी. उघड्या दगडावर, उन्हात जगणाऱ्या सरड्याला ती झाडीनं भरलेली दरी ओलांडायचं काही कारण नाही. त्यानं ती ओलांडली नाही, तर या माथ्यावरचे आणि त्या माथ्यावरचे एकमेकांत मिसळत नाहीत. एका बाजूला झालेले जनुकीय बदल दुसरीकडं पोचत नाहीत. काही बदल निव्वळ योगायोगानं टिकतात, काही त्या माळाच्या उन्हा-वाऱ्याला सोयीचे म्हणून टिकतात, आणि काही माद्यांच्या पसंतीमुळं. पंख्याचा रंग या शेवटच्या प्रकारातला. एका वस्तीतल्या माद्या एका छटेला भुलू लागल्या आणि दुसरीकडच्या दुसऱ्या छटेला, तर पुढं कधी दोन्ही वस्त्या समोरासमोर आल्या तरी जोड्या जमतीलच असं नाही. ओल्या जंगलातल्या बेडकाचं याच्या नेमकं उलटं : त्याला दरीतली झाडी म्हणजे वाट आणि तापलेला सडा म्हणजे भिंत. त्यामुळं सह्याद्रीचा एकच नकाशा घेऊन सगळ्या प्राण्यांच्या सीमा आखता येत नाहीत. प्रत्येकाच्या भिंती निराळ्या.

जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या आपण शाळा-कॉलेजात शिकतो : निसर्गात ज्यांचा आपसांत संकर होतो आणि जे इतरांपासून प्रजननाच्या दृष्टीनं तुटलेले असतात, त्यांचा समूह म्हणजे प्रजाती. व्याख्या सुरेख आहे. पण दोन माथ्यांवरच्या सरड्यांना ती लावणार कशी? ते कधी भेटतच नाहीत. पिंजऱ्यात एकत्र ठेवून जोडी जमली, तरी त्यावरून निसर्गात काय झालं असतं ते कळत नाही. वाघ-सिंहाचा संकर प्राणिसंग्रहालयात होतोच. म्हणजे डोंगरमाथ्यांवरच्या जिवांच्या बाबतीत मायरची कसोटी बहुतेकदा लावताच येत नाही. मग शरीर, जनुकं, आवाज, वागणूक असे निरनिराळे पुरावे शेजारी ठेवून माणसालाच निर्णय घ्यावा लागतो. काही जणांना यात वर्गीकरणशास्त्राचा कमकुवतपणा दिसतो. मला त्यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. प्रजातीचं नाव हे पुराव्यानिशी केलेलं विधान आहे, आणि पुरावा बदलला की ते बदलायची तयारी या शास्त्रानं पहिल्यापासून ठेवली आहे.

नऊनंतर सरडे पुन्हा दगडांवर आले. पवनचक्क्यांच्या पायथ्याशी ते जास्त दाटीनं होते, आणि आम्हाला जवळ येऊ देत होते. या सड्यावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेलं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर कमी होतो. घिरट्या घालणारे ससाणे-घारी कमी झाल्यावर सरडे वाढतात, त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं घटतात, माणूस बराच जवळ आल्याशिवाय ते पळत नाहीत. आणि तिथल्या नरांचे रंगही फिके असतात. निवडीचा दाब बदलला की काय होतं, ते इथं माणसाच्या एका आयुष्याच्या आत दिसतंय. यातून नवी प्रजाती घडेल असं कुणी म्हटलेलं नाही. पण प्रजाती ज्या धाग्यांनी विणली जाते त्यातला एक धागा इथं हलतो आहे, आणि तो आपण हलवलाय.

सडावाघापूरवरून पाटणला उतरलो, जेवलो, संध्याकाळी कोयनानगर.

हुंबरळी इथून जवळच, चिपळूणच्या रस्त्याला. अंधार पडल्यावर स्थानिक काकांबरोबर ओढ्याच्या कडेनं गेलो. पाणी अगदी थोडं, दगडांमधून झिरपणारं. इथं राहतो रातबेडूक ‘निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी’. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांच्या नावाचा. याच्या मीलनाबद्दलचं संशोधन याच परिसरात झालं आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. बहुतेक बेडकांत नर मादीला घट्ट मिठी मारतो. हा मारत नाही. तो मादीच्या पाठीवर स्वार होतो, पण हात टेकवतो पानावर किंवा फांदीवर. शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि उतरून बाजूला होतो. मादी त्यानंतर अंडी घालते, आणि पाठीवरून ओघळणाऱ्या शुक्राणूंनी ती फळतात. शिवाय यांच्यात मादीही आवाज देते, जे बेडकांत विरळा.

आम्हाला मीलन दिसलं नाही, त्याला पाऊस लागतो. एका नराचा आवाज ऐकला, टॉर्चच्या उजेडात दगडाच्या खोबणीत त्याचे डोळे चमकले, एवढंच. पण मला त्या ओढ्याशी उभं राहून पटलं की प्रजातींमधल्या भिंती नुसत्या डोंगर-दऱ्यांच्या नसतात. मीलनाची रीत इतकी ठरलेली असली, की ती न जाणणारा दुसरा बेडूक शेजारच्या दगडावर बसला असला तरी परकाच.

तिसरा दिवस : कोयनानगर – कोल्हापूर – आंबोली

बराचसा दिवस गाडीत गेला. निघायच्या आधी काकांनी शेताच्या बांधावरचा एक दगड उचलून खालची ओलसर माती दाखवली. देवगांडूळ असतं ते अशा जागी. आम्हाला मिळालं नाही आणि उकरायचाही विचार नव्हता. त्यांनी दगड होता तसा परत ठेवला, ते फार बरं वाटलं. देवगांडूळ दिसतं गांडुळासारखं, पण आहे बेडकांचं नातलग : पाय नसलेला उभयचर. हुंबरळीच्याच देवगांडुळाला २००४ मध्ये ‘इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस’ हे नाव मिळालं, आणि त्याच्या आदल्या वर्षी आंबोलीच्या देवगांडुळाला ‘जेजेनिओफिस डॅनिएली’. जमिनीखाली राहणारा, पाय नसलेला, कोरड्यात जगू न शकणारा प्राणी किती लांब जाणार! अशा जिवांच्या वस्त्या एकमेकींपासून सहज तुटतात, म्हणून सह्याद्रीत त्यांच्या प्रजाती अशा छोट्या छोट्या प्रदेशांपुरत्या आहेत.

कऱ्हाड, कोल्हापूर, आजरा. आजऱ्याच्या पुढं आभाळ भरून आलं, पण पडलं काही नाही.

चौथा दिवस : आंबोली

सकाळी हिरण्यकेशीला. गुहेतून येणारं पाणी, समोर कुंड, मंदिराची घंटा. त्या पाण्यात तळाच्या दगडांशी बोटाएवढे मासे ठिपक्यांसारखे थांबले होते. २०२० मध्ये जयसिंहन प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमणियन यांनी या माशाचं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ म्हणून वर्णन केलं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. देवस्थान म्हणून जागा आधीही जपलेली होतीच. पण माशाला नाव नसतं तर तो सरकारी कागदावर आला नसता. नाव नसलेल्या जिवासाठी अधिसूचना कशी काढणार? वर्गीकरणाला लोक गोळा केलेल्या वस्तूंवर चिठ्ठ्या डकवण्याचं काम समजतात, तेव्हा मला या कुंडाची आठवण करून द्यावीशी वाटते.

दुपारी जंगलाच्या कडेला करवंदीच्या जाळीत हरणटोळ दिसला. बारीक, पोपटी, नाक पुढं टोकदार. वाऱ्यानं फांदी हलली की तोही तितकाच हलायचा. लहानपणापासून पुस्तकात पाहिलेलं याचं शास्त्रीय नाव ‘अहेटुला नासुटा’. आता ते नाव श्रीलंकेतल्या सापापुरतंच उरलंय. २०२० मध्ये अशोक मल्लिक आणि सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातले हरणटोळ तपासले, तेव्हा एका नावाखाली अनेक प्रजाती निघाल्या. दिसायला सगळे जवळजवळ सारखे हिरवे, कारण पानांत लपायचं काम सगळ्यांना एकच. जनुकांत मात्र ते एकमेकांपासून फार पूर्वी दुरावलेले. उत्तर सह्याद्रीतला हा ‘अहेटुला बोरिअ‍ॅलिस’. सरड्याच्या बाबतीत रंगानंच सांगितलं की मी वेगळा. हरणटोळाच्या बाबतीत रंग काहीच सांगत नाही.

संध्याकाळी ज्यांच्याकडं उतरलो होतो ते दादा अंगणात येऊन म्हणाले, “आज पडतलो. पयलो पाऊस पडलो की ते भायर येतत.” साडेसातला वीज गेली आणि पाऊस आला. तासभर असा कोसळला की पागोळ्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येईना. ओसरल्यावर टॉर्च घेऊन दादांच्या मागं सड्याकडं निघालो. पायाखाली पाहूनच चालायचं, एवढीच त्यांची अट.

जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचलं होतं आणि भेक आले होते. ‘झँथोफ्राइन टायग्रिना’, आंबोली टोड. जेमतेम तीनेक सेंटीमीटरचा जीव. अंगावर बारीक खरखरीत उंचवटे, कुशीवर वाघासारखी पिवळी-काळी नक्षी, आणि या दिवसांत पिवळे झालेले नर. काही जोड्या पाण्यात होत्या, काही दगडावरून पाण्याकडं सरकत होत्या. एका जोडीशेजारी मी उकिडवी बसले. वरचा नर अंगठ्याएवढा, मादी थोडी मोठी, आणि तिच्या काखेत त्यानं हात असे रोवलेले की ती उतारावरून घसरली तरी त्याची पकड सुटली नाही. आमच्यातलं कुणीही त्यांना हात लावला नाही.

या पिवळ्या भेकांची गोष्ट कोयनेहून सुरू होते. १९६३ मध्ये सोमन यांनी कोयनेच्या परिसरातल्या पिवळ्या भेकाचं वर्णन केलं आणि त्याला ‘ब्युफो’ या जातकुळीत ठेवलं. तेव्हा जगभरातले असंख्य भेक ‘ब्युफो’च होते. पुढं डीएनएचा अभ्यास आला आणि ते मोठं घराणं फुटलं. आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपत बसणारा साधा भेकसुद्धा आता ‘दत्ताफ्रायनस’ आहे, ओडिशाचे बेडूक-अभ्यासक सुशीलकुमार दत्ता यांच्या नावाचा. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कोयनेचा आणि आंबोलीचा भेक मिळून एक स्वतंत्र शाखा होते. तिला ‘झँथोफ्राइन’ हे नाव मिळालं आणि आंबोलीचा भेक नवी प्रजाती ठरला. आज तो अतिशय धोक्यात असलेल्या, म्हणजे नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या प्रजातींत गणला जातो. कोयनेच्या भेकाचीच एक वस्ती असं त्याला मानलं असतं, तर आंबोलीतल्या भेकांचं काहीही झालं तरी कागदावर ‘कोयनेला आहेत की’ असंच उत्तर मिळालं असतं.

परतताना रस्त्यावर गाड्यांखाली आलेले भेक दिसले. डांबरावर पाणी साचतं, तेही त्यांना खळग्यासारखंच वाटत असावं. आम्ही रस्त्याच्या कडेनं पुढं चालत राहिलो आणि येणाऱ्या गाड्यांना टॉर्च दाखवून हळू जायला सांगितलं. बहुतेकांनी ऐकलं.

पाचवा दिवस : आंबोलीहून परत

उजाडताच पुन्हा सड्यावर. भेक दगडांच्या फटींत गेले होते, खळग्यांत अंडी होती. एक खळगा माझ्या दोन ओंजळींएवढा, तळाला थोडं शेवाळ, पाणी इतकं उथळ की अंडी जवळजवळ पृष्ठभागाला टेकलेली. पुढचे काही दिवस पावसानं ओढ दिली तर हे सुकणार, फार जोराचा आला तर वाहून जाणार. या दोन्हींच्या मधल्या वेळात अंड्यातून डिंभ, म्हणजे शेपटीचं पिल्लू, आणि डिंभातून भेक व्हायचं. ज्या जिवाची पिल्लं अशा खळग्यात वाढतात तो सडा सोडून जंगलात किंवा शेतात वस्ती कशी करणार? सड्यानं त्याला घडवलं आणि सड्यानंच बांधून घातलं.

परतीच्या वाटेवर मैत्रिणीनं विषय काढला. कोयना आणि आंबोली यांच्यात सरळ रेषेत दीडशेहून अधिक किलोमीटर. मधे राधानगरी-दाजीपूरकडचे सडे आहेत. “समज, मधे एखाद्या सड्यावर असा पिवळा भेक समोर आला. कुठलं नाव देशील?”

मी म्हटलं, जनुकं ज्याच्या जवळ जातील त्याचं.

तिला ते पुरेसं वाटलं नाही. तिचं म्हणणं, दोनच टोकांचे नमुने शेजारी ठेवले तर फरक ठसठशीत दिसणारच. खरा प्रश्न आहे तो मधल्यांचा. सड्यामागून सडा घेत गेलं आणि फरक थोडाथोडा वाढत गेला, तर ती एकच लांबलचक प्रजाती असू शकते, जिची टोकं आपण आधी पाहिली. पण एखाद्या दरीपाशी फरक एकदम तुटला, अलीकडचे सगळे कोयनेसारखे आणि पलीकडचे सगळे आंबोलीसारखे निघाले, तर दोन प्रजातींचं विधान आणखी पक्कं होतं. मी तिला बिजू-गिरींचा पुरावा आठवून दिला. केवळ अंतरामुळं पडलेल्या फरकापेक्षा तो मला भक्कम वाटतो, आणि या दोन नावांबाबत मी त्यांच्याच बाजूची आहे. तिनं मान्य केलं, पण मधले सडे पहिल्या पावसाच्या रात्री पायी हिंडून पाहिल्याशिवाय आपण गप्प बसणार नाही, हेही सांगितलं. निपाणीला चहासाठी थांबलो तेव्हा ती मोबाईलवर दाजीपूरचा नकाशा मोठा करून जांभ्याचे माथे शोधत होती आणि मी एकेकाला खूण करत होते.